अमिनो आम्ले आणि शरीरातील मेद

प्रथिने स्नायू घडवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ती ज्या २० अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांचा मेदाच्या साठवणुकीशी व ज्वलनाशी असलेला संबंध मात्र तितकासा परिचित नाही.

या वीसांपैकी ९ आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. त्यांतील लायसिन व मेथिओनिन यांपासून शरीर कार्निटिन तयार करते. लांब साखळीची मेदाम्ले पेशींतील तंतुकणिकांत नेण्याचे काम कार्निटिनचे. तेथेच त्यांचे ज्वलन होते. यावरून कार्निटिनच्या गोळ्यांनी चरबी झडते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण निरोगी शरीर आपल्या गरजेपुरते कार्निटिन स्वतःच बनवते.

प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनात व चयापचयातच खर्च होते. कर्बोदकांसाठी हे प्रमाण ५ ते १० टक्के, तर स्निग्ध पदार्थांसाठी जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असते.

ल्यूसिन, आयसोल्यूसिन व व्हॅलिन या शाखायुक्त आम्लांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ल्यूसिन स्नायूंतील प्रथिननिर्मितीला चालना देते. व्यायामशाळांतील महागड्या भुकट्या याच बळावर खपतात. परंतु ही तीन आम्ले तसेच टायरोसिन व फिनिलॲलनिन यांची रक्तातील पातळी अधिक असणाऱ्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाच्या आधारे २०११ साली दाखवण्यात आले. ही वाढ इन्शुलिन-प्रतिरोधाचे कारण की परिणाम, यावर संशोधकांत एकमत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के! वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असतानाही मेद अधिक आणि स्नायू कमी असू शकतात.

तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी; वरणभातात ही उणीव परस्पर भरून निघते. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार ६० किलो वजनाच्या प्रौढास दररोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात. भाताच्या ढिगावर पातळ वरणाची धार धरून हा हिशेब जुळत नाही. उसळ, दही, अंडी वा मासे यांची जोड द्यावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याविना प्रथिने वाढवू नयेत.