वेब डिरेक्टरी कामाची की फालतू, कसं ओळखायचं?

‘५०० डिरेक्टरीत तुमची वेबसाइट टाकून देतो, गूगलवर वर याल,’ असा मेसेज आष्ट्यात आमच्या मामांच्या ठिबकच्या दुकानाला आला. मागितले ३,००० रुपये. पैसे पाठवायच्या आधी मामांनी मला फोन केला, बरं झालं.

वेब डिरेक्टरी म्हणजे विषयानुसार किंवा गावानुसार लावलेली वेबसाइट्सची यादी. १९९८ ते २०१७ चाललेल्या डीमॉझमध्ये स्वयंसेवक संपादक साइट बघून मगच यादीत घ्यायचे, म्हणून तिथल्या लिंकला वजन होतं. पुढे नुसत्या लिंक विकायला डिरेक्टऱ्या निघाल्या. एप्रिल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून गूगल असल्या लिंकवर वर चढलेल्या साइट्सना खाली ढकलू लागलं.

मी यादीतल्या काही डिरेक्टऱ्या उघडल्या. ‘आष्टा’ शोधलं तर एकीत मध्य प्रदेशातलं, भोपाळ-इंदूर रस्त्यावरचं आष्टा आलं! सांगलीचं नाहीच. दुसरीत शेती विभागात कॅसिनोच्या लिंक. तुम्हीही आधी आपलं गाव शोधा, मग तिथल्या दोन-तीन दुकानांना फोन लावून बघा. नंबर बंद असतील तर यादी कोणी तपासतच नाही. अजून एक: गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, कोलन आणि स्पेस न देता डिरेक्टरीचा पत्ता टाका. एकही पान दिसलं नाही तर सोडून द्या.

मामांचं गूगल बिझनेस प्रोफाइल फुकटात केलं. जस्टडायल, इंडियामार्टवरही तेच नाव, तोच नंबर आणि ‘आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली’ असा पूर्ण पत्ता टाकला. दुकानाच्या पाटीवर मात्र अजून जुनाच नंबर आहे.