बोलत्या फोनचं पुणेरी कूळ

अंध माणसासाठी कुठला फोन घ्यावा, असं वीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर उत्तर ठरलेलं होतं: नोकिया. त्यातही सिम्बियन या प्रणालीवर चालणारा, बटणांचा. पाचच्या बटणावर बारीकसा उंचवटा असायचा. त्यावर अंगठा टेकला की बाकीचे आकडे हाताला सापडत. पण फोन मुळात मुका. त्याला वाचा फुटायची ती ‘टॉक्स’ किंवा ‘मोबाइल स्पीक’ हे सॉफ्टवेअर वेगळं विकत घेतल्यावर. त्याचा परवाना त्या एका हँडसेटच्या आयएमईआय क्रमांकाला बांधलेला, म्हणजे फोन बदलायचा तर परवान्याचा प्रश्न पुन्हा उभा. डोळस माणूस फोनचे पैसे मोजायचा. अंध माणसाला तो फोन ऐकू येण्याचेही मोजावे लागत.

मग टचस्क्रीन आली आणि तो उंचवटाही गेला. गुळगुळीत काचेवर आकडा शोधायचा कसा? काचेचा फोन आपल्यासाठी नव्हेच, असं तेव्हा कित्येक जण धरून चालले होते. तो समज खोटा ठरवणाऱ्यांत पुण्यात वाढलेला एक गणिताचा विद्यार्थी होता.

टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. भाऊ आणि मदतनीस पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवत आणि ते ऐकून अभ्यास करत. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते आयआयटी मुंबईत गेले. तिथे शेवटच्या वर्षाला त्यांनी ‘काँग्रॅट्स’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. गणितातले वक्र कानांनी ऐकून समजून घेण्याची ती सोय होती. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी गणिती मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तयार केली. १९९४च्या त्या प्रबंधातल्या प्रणालीचं नाव ‘अ‍ॅस्टर’, त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही तेच. समीकरणात घातांक आला की अ‍ॅस्टरचा आवाज वरच्या पट्टीत जायचा. कागदावर जो अंक थोडा वर लिहितात, तो इथे थोडा वरच्या सुरात ऐकू यायचा. मला बोलत्या फोनचं खरं मूळ इथे दिसतं. डोळ्यांसाठी मांडलेलं पान शब्द न् शब्द वाचून दाखवायचं नाही, तर कानाला काय लागतं याचा आधी विचार करायचा.

२००५मध्ये रामन गूगलमध्ये गेले. तिथे चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी टचस्क्रीनवर नंबर लावण्याची जी युक्ती काढली, ती मुद्दाम सविस्तर सांगतो. स्क्रीनवर बोट कुठेही टेकवा. जिथे टेकेल तिथे पाच. दोन हवा असेल तर बोट वर सरकवा, आठला खाली, चारला डावीकडे, सहाला उजवीकडे, एकला डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याकडे. आकडा चुकला तर फोन हलवायचा, की तो पुसला जातो. आकडा शोधायचाच नाही, तो बोटाखाली येतो. गेलेला उंचवटा त्यांनी असा परत मिळवला, तोही बोट ठेवाल तिथे.

२००९ हे या कुळातलं मोठं वर्ष. जूनमध्ये अ‍ॅपलचा आयफोन ३जीएस आला, तो स्क्रीन वाचून दाखवणारं ‘व्हॉइसओव्हर’ आत घेऊनच. त्याचं घराणं स्वतंत्र. त्याच वर्षी अँड्रॉइड १.६बरोबर रामन आणि चेन यांचं, तेच काम करणारं ‘टॉकबॅक’ आलं. जोडीला कंपनानं कळवणारं ‘किकबॅक’ आणि खुणेचे ध्वनी देणारं ‘साउंडबॅक’. मात्र सुरुवातीचं टॉकबॅक ट्रॅकबॉल, म्हणजे बोटानं फिरवायचा छोटा गोळा, किंवा बाणांची बटणं यांवर चालायचं. त्यामुळे तेव्हा फोन निवडताना ट्रॅकबॉल आहे का, हे आधी चाचपावं लागे. २०११च्या अँड्रॉइड ४.०मध्ये बोट फिरेल तिथलं वाचून दाखवण्याची सोय आली आणि ती अट सुटली. बोट फिरवायचं, ऐकायचं, हवं ते सापडलं की दोनदा टिचकी.

आज हे सगळं अँड्रॉइड फोनमध्ये फुकट मिळतं, मराठी आवाजही मिळतो. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२०ला आणलेलं ‘मनी’ अ‍ॅप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते सांगतं, तेही इंटरनेटशिवाय. अडतं ते दुसरीकडे. अ‍ॅप बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलेलं नसतं आणि कानावर ‘अनलेबल्ड, बटन’ एवढंच पडतं. पैसे पाठवायचं बटण ते की रद्द करायचं, हे ऐकून कसं कळणार? फोन कितीही महागाचा असला तरी इथे त्याचा इलाज चालत नाही. हे काम अ‍ॅप बनवणाऱ्यांचं आहे आणि ते त्यांनी करायलाच हवं.

घरातल्या अंध माणसासाठी फोन घ्यायचा असेल तर तुम्ही परस्पर आणू नका, त्यांना दुकानात बरोबर न्या. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा आणि फोन त्यांच्या हातात द्या. आवाजाची बटणं हाताला लागतात का, बोटाच्या ठशाची जागा स्पर्शानं सापडते का, बोट सरकवल्यावर फोन लगेच बोलतो की रेंगाळतो, रस्त्यावरच्या गोंगाटात स्पीकर ऐकू येईल का, हे त्यांनाच तपासू द्या. दुकानदार घाई करेल. करू द्या. कॅमेरा, मेमरी, रंग यांचं नंतर बघता येईल.