गिरणीतलं विसरलेलं कलम



रविवारची सुट्टी म्हटली की आपण नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घेतो. त्यांच्या मागणीपत्रातलं आणखी एक कलम मात्र फारसं कुणाला आठवत नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी मागितलं होतं: कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. योगायोग बघा, त्याच वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. आपल्याकडे रविवार १८९० मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते.

इथे व्हिक्टोरियात असा कायदा १९१४ चा. आजचं वर्ककव्हर पहिले १३ आठवडे पगाराच्या ९५ टक्के देतं, मग ८० टक्के, ठरावीक कमाल रकमेपर्यंत. पण दुखणं कामातून आलेलं हवं. कर्करोग झाला, सुट्टीत पाय मोडला, तर वर्ककव्हर नाही. माझ्यासारखा एबीएनवर एकट्याने काम करणारा तर सहसा त्यात बसतच नाही. मी उत्पन्नाचा विमा चाळिशीत घेतला. हप्ता बघून जरा घाम फुटला.

कायमच्या अपंगत्वाचा विमा अनेकांच्या सुपरमध्ये असतो. मात्र खात्यात सलग १६ महिने पैसे आले नाहीत, तर तुम्ही लेखी सांगितल्याशिवाय तो बंद होतो. दीड वर्ष आईवडिलांपाशी राहून परतलात का? मग सुपरचं शेवटचं पत्र आज काढून बघा.