तोडेदार बंदुकीची नळी : पाणी, तेल आणि मेण

घाटाच्या तोंडाशीं वसलेलें कात्रज आतां पुणें शहरांत मिसळून गेलें असलें, तरी जुनीं घरें तेथें अद्यापि थोडीं उरलीं आहेत. त्यांपैकीं एका घरीं माळ्यावर सांपडलेली तोडेदार बंदूक पाहण्यास गेल्या पावसाळ्यांत आम्हांस बोलावणें आलें. यजमान हौशी संग्राहक असून जुने कागद जपण्यांत मोठे दक्ष आहेत. बंदूकही त्यांनीं ममतेनेंच सांभाळिली होती. म्हणजे दर महिन्यास नळींत यंत्राचें तेल सोडून तींतून चिंधी फिरविण्याचा त्यांचा नेम होता. नळी बाहेरून आरशासारखी चकचकीत होती. आंत विजेरीचा उजेड पाडून पाहतां मात्र सर्व अंगास डांबरासारखा काळा, चिकट मळ बसलेला दिसला. काना तर त्या मळानें पार बुजला होता. चिंधीच्या टोकानें थोडा मळ खरवडला, तों त्याखालीं लोखंडास खड्डे पडत चाललेले. एवढें तेल देऊनही गंज कां चढतो, असा यजमानांनीं प्रश्न केला. तो इतर संग्राहकांसही पडत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देतों.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० हें त्याचें सर्वश्रुत प्रमाण होय. ही दारू जळाली म्हणजे सगळीच वायुरूप होते असें नाहीं. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें शिल्लक राहतो. त्यांतील कांहीं धुराबरोबर बाहेर पडतो व उरलेला नळीच्या अंगास धरतो. या मळांत काजळी तर असतेच, पण तिजहून घातक असे पोटॅशियमचे क्षार असतात : कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. त्यांतील कार्बोनेट हवेंतील ओल शोषून घेतें. घाटाखालच्या दमट हवेंत आषाढ-श्रावणांत तें किती ओल शोषील, हें सांगावयास नको. हे क्षार पाण्यांत तत्काळ विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. यजमानांच्या सर्व कष्टांवर पाणी पडलें तें पाण्याच्याच अभावीं! तेलाचा थर मळावर बसला, मळाखालची ओल तशीच राहिली, आणि काजळी व तेल मिळून डांबर तयार झालें. ज्या कात्रजचें पाणी इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं नळ बांधून पुण्यांत नेलें, त्याच गांवीं बंदुकीस मात्र पाणी मिळूं नये, हा एक विनोदच म्हणावयाचा.

बाजारांत मिळणारीं निरनिराळीं द्रावणें घ्यावीं काय, असेंही विचारलें जातें. अमोनियायुक्त द्रावणें तांब्याचें वेष्टण असलेल्या अलीकडील गोळ्यांचा मळ काढण्यासाठीं केलेलीं आहेत; शिशाच्या उघड्या गोळीच्या नळींत त्यांस कांहींच काम नाहीं, आणि पितळी पट्ट्यांस व मुलाम्यास त्यांपासून अपाय होतो. घासलेटानें काजळी सैल होते, क्षार जागचे हालत नाहींत. कढत पाणी हेंच या मळाचें खरें द्रावण होय. तें तापलेलें असलें म्हणजे नळी लवकर सुकते, एवढाच कढत असण्याचा विशेष लाभ. पूर्ण सुकल्यावर मग तेल.

आतां जुन्या कागदांकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें, इ. स. १७१५ चें मानलें जाणारें आज्ञापत्र आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्यांतील दुर्गांच्या प्रकरणांत पावसाळ्याविषयीं एक कलम आहे. भांड्यांस, म्हणजे तोफांस, व दरवाजांस तेलमेण द्यावें, भांड्यांचे काने मेणानें भरावे, वर आडोसा करून भांडीं वायां जाऊं देऊं नयेत, असा त्याचा आशय आहे. दारूस ओल लागूं न देतां ती ठराविक दिवसांनीं बाहेर काढून ऊन द्यावें, असेंही तेथेंच सांगितलें आहे. या कलमांत पाण्याचा उल्लेख नाहीं, म्हणून आमचे पूर्वज नुसत्या तेलावर भागवीत असत असा तर्क कोणी करील. तो आम्हांस मान्य नाहीं. कलम ठेवणीचें आहे, डागणीचें नव्हे. चार महिने न डागतां ठेवावयाच्या भांड्यास बाहेरून येणाऱ्या ओलीपासून राखणें हा त्याचा हेतु असून, त्यासाठीं तेल व मेण हीच जोडी योग्य होय. नुसतें तेल ओघळून जातें. मेणानें तें जागीं धरून राहतें.

यावरून संशोधकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी असें वाटतें. किल्ल्यांच्या जमाखर्चांत तेल आणि मेण यांच्या नोंदी आढळल्या कीं त्या सरसकट दिवाबत्तीकडे लावण्याची आपल्याकडे प्रवृत्ति आहे. ज्यांच्या दप्तरांत असे ताळेबंद असतील त्यांनीं पावसाळ्यापूर्वीचा मेणाचा खर्च त्याच किल्ल्यावरील भांड्यांच्या संख्येशीं ताडून पाहावा. त्यांतून बरेंच हातीं लागण्याचा संभव आहे.

याच जोडीचा १८५७ सालीं निराळ्या रीतीनें संबंध येतो. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीच्या नळींत पिळाच्या खाचा असत. खाचांत मळ साचून कठीण झाला म्हणजे पुढची गोळी ठांसणें अवघड होई. म्हणून मळ मऊ राहावा यासाठीं काडतुसास प्राणिज चरबीचें वंगण लावीत. त्यावरून गाय व डुक्कर यांच्या चरबीचा संशय उठला. काडतुसें कोरडीं द्यावीं व शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण आपल्या हातांनीं लावावें, असा हुकूम जानेवारी १८५७ च्या अखेरीस निघाला. तोंवर विश्वास उडून गेला होता. मेण व तेल यांनीं तें काम आरंभापासूनच भागलें असतें, असें आमचें मत आहे.

असो. कात्रजच्या बंदुकीस पाणी घालण्यापूर्वी गज आंत सोडून पाहिला. तोंडापासून कान्यापर्यंतचें अंतर बाहेरून मोजलें होतें. गज त्याहून चार बोटें अलीकडेच अडला. म्हणजे नळी भरलेली होती! काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनीं पेट घेते, आणि यजमान तर महिन्याच्या महिन्यास तींत गज हाणीत होते. ठांसलेली बंदूक घरीं कोणीं उघडूं नये, म्हणून ती परवाना असलेल्या जाणत्या कारागिराकडे पाठविली. त्यानें पाणी मुरवून दारूंतील सोरा धुऊन काढला व मग गोळी काढली. नळी कुंद्यास कातडी वाद्यांनीं बांधलेली होती. त्या वाद्या जुन्याच असाव्यात असें दिसल्यावरून त्या सोडूं दिल्या नाहींत. कुंद्यावर मेणकापड गुंडाळून, थोडथोडें पाणी घालून काम उरकलें. त्यास तीन दिवस लागले. खड्डे अर्थात् बुजले नाहींत.

वंगणाविषयीं अखेरीस मतभेद झाला. यजमानांस तिळाचें तेल हवें होतें. परंतु गोडें तेल ठेवून ठेवून आंबतें व त्याचें आम्ल लोखंडास खातें. जवसाचें तर वाळून चामड्यासारखें होतें. नित्य डागावयाच्या बंदुकीस तेलमेण किंवा चरबी ठीक. भिंतीवर टांगावयाच्या बंदुकीस संग्रहालयांत वापरतात तें शुद्ध केलेलें मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ हातानें लावणें बरें. तेंच लावलें. काना मात्र यजमानांनीं आज्ञापत्रांतील रीतीनें मधमाश्यांच्या मेणानें भरविला, आणि त्यास आम्हीं हरकत घेतली नाहीं.