'बाप रे'चे झाले 'बॉबरी'

आमच्या लाटंबार्सेत दारात साप दिसला की तोंडून आधी 'बाप रे!' निघते. हीच हाक ऐकून इंग्रजांनी 'बॉबरी' हा शब्द केला. अर्थ गोंगाट, नसता गलबला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात ही व्युत्पत्ती आहे. आमच्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल, म्हणून हा शब्द मला कोशातच भेटला. सरमिसळ जातींच्या शिकारी कुत्र्यांच्या टोळीलाही 'बॉबरी पॅक' म्हणत, हे वाचून मात्र मनाला लागले. ही हाक आश्चर्याची वा दुःखाची, हे कोशकार जाणून होते. साहेबाच्या बोलण्यात उरला तो नुसता आरडाओरडा. कोशकारांचा एक स्कॉटिश मित्र म्हणे एरवी पणजीलाच हाक मारी. (आपले राजधानीचे शहर नव्हे, आजीची आई!)