एनिग्माची किल्ली आणि विसरलेले हात

रॉबर्ट हॅरिस या इंग्रज लेखकाची ‘एनिग्मा’ ही हेरकथा १९९५ साली निघाली. तिचा नायक टॉम जेरिको हा केंब्रिजचा गणिती. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे बसून तो जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडतो. कथा रंगतदार आहे. परंतु तीत फितूर निघतो तो एक पोलिश माणूस. कात्यिनच्या कत्तलीत त्याचा बाप मारला गेला, असे कारण लेखकाने दिले आहे, हे खरे. तरीही आम्हांला तेथे थांबावेसे वाटते. कारण जर्मन सैन्याच्या एनिग्मा यंत्राचे गूढ प्रथम उकलले ते पोलिश माणसांनीच.

१९२९ साली पोलंडच्या लष्कराने पोझनान विद्यापीठातील जर्मन जाणणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी गुप्तलिपीचा वर्ग काढला. त्यातून मारियान रेयेफ्स्की, येझी रूझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तिघे निवडले गेले. संदेश पाठविणारा जर्मन सैनिक तीन अक्षरांची किल्ली ठरवी आणि चूक होऊ नये म्हणून ती दोनदा टंकी. म्हणजे पहिले व चौथे अक्षर मुळात एकच. वेष मात्र निराळा. ही खबरदारीच घातक ठरली. दिवसभराचे संदेश जमवून रेयेफ्स्कीने अक्षरांच्या अदलाबदलीचे गणित मांडले. फ्रेंच हेरखात्याने मिळविलेले कागद मदतीस आले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये, न पाहिलेल्या यंत्राच्या आतील तारांची जुळणी त्याने कागदावर शोधून काढली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

कागदावरचे उत्तर पुरेसे नव्हते. वॉर्साच्या ‘आव्हा’ कारखान्यात कामगारांनी तारा जोडून त्या यंत्राच्या प्रतिकृती घडविल्या. १९३८ च्या अखेरीस जर्मनांनी तीन चाकांऐवजी पाचांतून तीन निवडण्याची पद्धत आणली. चाकांच्या मांडणीचे सहा प्रकार होते, ते साठ झाले. पोलंडची साधने तोकडी पडू लागली. तेव्हा जुलै १९३९ मध्ये, वॉर्साजवळच्या पिरी येथे, त्यांनी सारी विद्या इंग्रज व फ्रेंच पाहुण्यांच्या हाती मोबदल्याविना ठेवली. पाच आठवड्यांनी पोलंडवर हल्ला झाला.

पुढे अ‍ॅलन ट्यूरिंग व गॉर्डन वेल्शमन यांनी नव्या ‘बाँब’ यंत्राची रचना केली. त्यांची योग्यता मोठीच. पण ती यंत्रे रात्रंदिवस पाळ्यांनी चालविली ती नौदलातील तरुण मुलींनी. युद्धाच्या अखेरच्या काळात ब्लेचलीच्या सुमारे नऊ हजार माणसांत चारांतील तीन स्त्रिया होत्या. त्या गुप्ततेच्या शपथेने बांधलेल्या. तीस वर्षे घरीही बोलल्या नाहीत.

आणि ते तिघे? रूझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून मेला. रेयेफ्स्की व झिगाल्स्की १९४३ साली इंग्लंडात पोहोचले. त्यांना दुय्यम गुप्तलिप्यांवर बसविले, ब्लेचलीचे दार उघडले नाही. झिगाल्स्की इंग्लंडातच राहिला. रेयेफ्स्की १९४६ साली मायदेशी परतला व कचेरीतली साधी नोकरी करीत १९६७ साली निवृत्त झाला. सत्तरच्या दशकात गुपित फुटले, तेव्हा कुठे त्याचे नाव लोकांपुढे आले. १९८० साली तो वारला.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट पाहत आलो आहो: माल एका नावाने विकला जातो, घडविणारे हात अनेक असतात. कादंबरीकाराने एकच नायक निवडावा, तो त्याचा अधिकार. इतिहास वाचणाऱ्याने मात्र हजेरीपट पुरा वाचावा, आणि ज्याने पहिली पाळी केली त्याचे नाव फितुरांच्या यादीत जाऊ देऊ नये.