मस्तानीचा महाल : एका खोलीची मांडणी

देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी आहेत. कल्याणी चालुक्यांच्या काळातल्या या मूर्तींपुढे उभे राहिले की पायांची ठेवण, कमरेचा बाक, हातांची मुद्रा हे सगळे एखाद्या जिवंत नर्तकीला पाहूनच घडवले असावे असे वाटते. त्या नर्तकी कुठे राहत होत्या? देवाचे घर दगडाचे म्हणून राहिले. नाचणारीचे घर माती-लाकडाचे होते, ते गेले. आपल्याकडे कलावंताचा पुतळा उभा राहतो, त्याच्या नावाने नाट्यगृह होते, रस्ता होतो. त्याची राहती खोली मात्र सहसा उरत नाही. आणि उरलीच तर ती पुन्हा सजवायची कशी, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

महाराष्ट्रात असा एक प्रयोग झाला आहे, तो पुण्यात. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ‘मस्तानी महाल’ नावाचे दालन आहे. बाजीरावाने 1734 च्या सुमारास मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला, असे सांगितले जाते. आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे देऊळ आहे तो हा परिसर. त्या महालाचे जे अवशेष राहिले होते ते उतरवून संग्रहालयात आणले आणि त्यांतून हे दालन उभे केले. म्हणजे पेशवाईतल्या सर्वांत गाजलेल्या स्त्रीची राहती जागा आज तिच्या गावी नाही. एका संग्राहकाच्या वाड्यात, आणि तीही बाजीरावाच्या नावाच्या रस्त्यावर आहे. योगायोगच म्हणायचा.

मस्तानी कोण होती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ती छत्रसालाची मुलगी, असे एक मत. नृत्यगायनात तरबेज असलेली, त्याच्या दरबारातून आलेली कलावंतीण, असे दुसरे. 1729 मध्ये बाजीरावाने बंगषाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडवले, त्यानंतर ती पुण्याकडे आली, एवढे बहुतेक सर्वांना मान्य आहे. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 ची. वाड्याच्या उत्तरेच्या एका दरवाजाला तिचे नाव आहे. त्याच दरवाजाला पुढे तिच्या नातवाच्या नावाने अलीबहादूर दरवाजा असेही म्हटले गेले. बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला वारला आणि त्याच वर्षी तीही गेली. तिची कबर पाबळला आहे. घरच्यांनी तिला स्वीकारले नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाकारलेल्या माणसाच्या सामानाचे काय होते? पेशवे दप्तरात तोफांचे, हत्तींचे, दक्षिणेचे हिशेब पानोपानी सापडतात. या बाईच्या खोलीत पलंग कुठला होता, तानपुरा होता की नव्हता, रात्री समई जळत होती की चिरागदान, याची यादी आपल्यापुढे नाही. शनिवारवाडाच 1828 च्या आगीत बेचिराख झाला, तेव्हा तिथल्या खोल्यांवरूनही काही ताडता येत नाही.

यादी नसली की सजावट करणारा आपल्या काळाचे चित्र त्या खोलीत भरतो. झुंबर, आरसे, काचेवरची चित्रे म्हणजे पेशवाई, असे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे. वास्तविक काचेच्या पाठीमागून रंगवलेल्या चित्रांची चाल आपल्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, आणि विलायती काचेची झुंबरे वाड्यावाड्यांत दिसू लागली तीही नंतरच. हा थाट फार तर सवाई माधवरावाच्या किंवा दुसऱ्या बाजीरावाच्या काळाचा. 1740 पूर्वीच्या बाईच्या खोलीत तो बसवला की तीन पिढ्यांचे अंतर एका खोलीत दडपले जाते. पुढे डिसेंबर 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि त्यातल्या आरसेमहालाने उरलीसुरली शंकाही मिटवून टाकली. आता मस्तानी म्हटले की प्रेक्षकाला आरसेच दिसतात.

याउलट उदाहरण लंडनचे आहे आणि ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. मेफेअरमधल्या ब्रूक स्ट्रीटवर 25 क्रमांकाच्या घरात संगीतकार हँडेल 1723 पासून 1759 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे 36 वर्षे, भाड्याने राहिला. तो गेल्यावर घरातल्या सामानाची यादी करण्यात आली होती. कोणत्या खोलीत काय होते, पलंगाला पडदा कोणत्या कापडाचा होता, हे तीत आहे. भिंतींच्या रंगाचे थर तपासले तेव्हा खाली करडा रंग निघाला, म्हणून भिंती करड्या रंगवल्या. झगमगाट नाही, कोणाला ते घर उदासही वाटेल. पण ते त्याचे आहे.

त्याला लागून असलेल्या 23 क्रमांकाच्या घरात वरच्या मजल्यावर 1968-69 मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आपली मैत्रीण कॅथी एचिंगहॅम हिच्याबरोबर राहत होता. दोनशे वर्षांच्या अंतराने भिंतीला भिंत लावून दोन परदेशी कलावंत, आणि दोघेही भाडेकरूच! हेंड्रिक्स 1970 मध्ये वारला. पुढे हा मजला शेजारच्या संग्रहालयाचे कार्यालय म्हणून वापरात होता. तिथली खोली फेब्रुवारी 2016 मध्ये पुन्हा मांडून लोकांसाठी उघडण्यात आली. इथे यादी नव्हती, पण त्या खोलीत काढलेली छायाचित्रे होती आणि पडदे-गालिचे कुठल्या दुकानातून आणले हे सांगणारी कॅथी होती. ते पडदे जवळच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानातले होते, कोणीही घेईल असे. जगभर गाजलेल्या वादकाची खोली नव्याने सजवताना आधार काय, तर बाजारहाटाची आठवण.

केळकरांना हे कळत नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. उलट, दिनकर गंगाधर केळकर (1896-1990), कवितेत ‘अज्ञातवासी’, यांनी ज्या वस्तू जमवल्या त्या घरातल्याच : अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, दिवे, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्ये. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा सारा संग्रह उभा केला आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. बाईच्या पायाची वज्री जपून ठेवावी असे वाटणारा माणूस राजदरबाराच्या दिपवणुकीत अडकलेला नसतो. म्हणूनच मस्तानी महालाच्या मांडणीचा फेरविचार त्याच संग्रहालयातल्या वस्तूंच्या बळावर करता येईल. झुंबराऐवजी समया आणि चिरागदाने, भिंतीवर काचेच्या चित्राऐवजी मोकळा चुना, खाली बैठक, पानाचा डबा, फणी, वज्री, एखादे तंतुवाद्य. आणि ‘या वस्तू तिच्या नव्हेत, तिच्या धाटणीच्या आहेत’ अशी सरळ पाटी. कोणता खांब कोथरूडहून आलेला आणि कोणता नंतर जोडलेला, हेही पाहणाऱ्याला जागच्या जागी कळावे. एवढे केले तरी गर्दी कमी होईल असे मला वाटत नाही.

आमच्या देगलूरचे नाव पंढरपुरात एका फडाने राखले आहे. गुंडा महाराजांपासून चालत आलेला देगलूरकर फड, आणि विसाव्या शतकात धुंडा महाराजांच्या कीर्तन-प्रवचनांना लोटणारा समाज, हे वारकऱ्यांना सांगायला नको. कीर्तनकारही श्रोत्यांपुढे उभा राहणाराच. पण त्याची जागा टिकते, कारण त्याच्यामागे परंपरा असते; वारी आली की तिथे चूल पेटते, भिंत पडली तर फडातले लोक ती बांधतात. तिथे सजावट करावी लागत नाही, वापर असतो. मस्तानीला असे मागे कोणी नव्हते. मुलगा समशेरबहादूर पानिपतावर लढला, जखमी होऊन 1761 मध्ये वारला, आणि त्याचे वंशज बुंदेलखंडात बांद्याला गेले. कोथरूडची जागा राखायला पुण्यात उरले कोण?

मस्तानीच्या बाबतीत उशीर झाला तो अडीचशे वर्षांचा. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे मात्र 1969 मध्ये गेले, हेंड्रिक्सच्या आदल्या वर्षी. घाटकोपरच्या चिरागनगरात, ज्या झोपडीत राहून त्यांनी लिहिले-गायले, तिथे स्मारक करण्याची घोषणा सरकारने केली आहे. स्मारक म्हटले की संगमरवर, पुतळा, कारंजे डोळ्यांपुढे येतात. त्याआधी कोणीतरी वही घेऊन त्या वस्तीत जायला हवे. पत्रा होता की कौल, दिवा कसला, कागद कुठे ठेवत, डफ कुठल्या खुंटीला, पाणी कुठल्या नळावरून येई, हे जुन्या रहिवाशांना विचारून लिहून घ्यायला हवे. साठ वर्षांपूर्वीचे आठवणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.